जाळ्याला सुटलेली लाळ

वेळखारच्या लोकांनी दर्शना नाखवाच्या रसायनाला होकार दिला तो रसायन कळलं म्हणून नव्हे. रसायन त्यांना कळलं नव्हतंच. त्यांना दर्शना कळत होती. हसुराम नाखव्याची एकुलती एक पोर. आईच्या टोपलीमागे मासळीबाजारात बसून अभ्यास केलेली, पुढे शिकून डॉक्टर झालेली, पण सुई न टोचणारी डॉक्टर. ती जनसुनावणीच्या मंडपात उभी राहून "एक थेंबही दर्यात जाणार नाही" म्हणाली, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी आणलेल्या रंगीत तक्त्यांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे हसुरामकडे बघत होते. हसुराम उठला आणि म्हणाला, "पोरगी बोलली ते ऐकलात ना? मग झालं." आणि खरोखरच झालं.

त्या काळात समुद्राखालचं सोपं तेल संपत आलं होतं. उरलं होतं ते घट्ट खडकात अडकलेलं. ते बाहेर काढायचं तर विहिरीतून प्रचंड दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू ठासायची. साध्या पाण्यातून वाळू नेली तर ती वाटेतच तळाला बसते, म्हणून द्रव दाट हवा. पण काम झाल्यावर तो पातळही व्हायला हवा, नाहीतर तेलाची वाट तोच अडवून बसणार. जुन्या पद्धतीत गवारीच्या बियांचा डिंक आणि जंतुनाशकं कालवलेलं गोडं पाणी वापरत आणि एकदा वापरलं की टाकून देत. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर धड पाय पसरायला जागा नसते. तिथे गोडं पाणी बोटीने आणायचं आणि घाण पाणी ठेवायचं कुठे, हा यक्षप्रश्न होता.

दर्शनाने त्याला उत्तर काढलं ते साबणाच्या जातीच्या एका रेणूने. त्याचं एक टोक पाण्याच्या ओढीचं, दुसरं तेलाच्या. समुद्राच्या पाण्यात हे रेणू घालून कार्बन डायऑक्साइड सोडला की ते एकमेकांना बिलगतात, त्यांचे लांबच लांब धागे होतात, धाग्यांचा गुंता होतो आणि पाणी पेजेसारखं दाट होतं. नुसती हवा फुंकून तो वायू काढून टाकला की धागे सुटतात, रेणू जणू झोपी जातात आणि पाणी पुन्हा पाणी होतं. वाळू खडकात राहते, तेल बाजूला काढता येतं, द्रव वर परत येतो. पुन्हा वायू सोडा, पुन्हा दाट. फेकायचं काहीच नाही. 'नीलगर्भ एनर्जी' या तिच्या कंपनीने जगभर याचा डंका पिटला आणि वेळखारसमोरच्या समुद्रात पहिला प्लॅटफॉर्म उभा केला.

वेळखार हे डोलकरांचं गाव. डोलकर माशांच्या मागे धावत नाही. वाडवडिलांनी वाटून दिलेल्या जागी समुद्राच्या तळाला खुंट ठोकलेले असतात. त्यांना तोंड पसरलेलं लांब जाळं बांधायचं आणि वाहत्या पाण्याने मासे आणून घालायची वाट बघायची. जाळ्याच्या शेवटी निमुळती पिशवी असते, तिला खोला म्हणतात. पाणी फिरेपर्यंत बोंबील, कोलंबी, मांदेली त्या खोल्यात एकावर एक कोंडून राहतात. खुंटाची जागा बदलता येत नाही. शेजारच्याची घेता येत नाही आणि विकायची तर कुणी ऐकूनही घेत नाही.

दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्यात खोल्याला लाळ सुटायला लागली.

दुसरा शब्द नाही. जाळं वर ओढलं की शेवटच्या पिशवीतून चिकट, पांढुरके तार लोंबायचे. आतले मासे गुदमरून मेलेले, कल्ले बुळबुळीत. बोंबील वाळत घालायच्या दोरीवर चढायच्या आत सैल पडायचे. पण जाळं वाऱ्यावर टाकलं की थोड्या वेळात लाळ गायब. साहेबांना बोलावून दाखवावं तर दाखवायला काही नाही, आणि तक्रार करावी तर तोंडावर पडायची पाळी. कंपनीचा एक माणूस तर हसत म्हणाला की जाळी धुवायची पावडर तुम्ही नीट खळबळत नसाल. पिढ्यान्‌पिढ्या जाळी धुणाऱ्यांना हे ऐकून घ्यावं लागलं.

गावातला जितू पागी हा तरणा डोलकर पेटून उठला. त्याचं म्हणणं, ही लाळ प्लॅटफॉर्मचीच. तिकडे सामान नेणाऱ्या बोटींची वाट होड्या आडव्या घालून बंद करायची. अर्धं गाव त्याच्या बाजूने होतं. कोळी जमातीच्या पाटलाने बैठक लावली. त्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी हसुराम ओटीवर जाळं विणत बसला होता. दर्शना सुट्टी काढून आली होती.

"दर्शे, खरं सांग. ही लाळ तुझी हाय?"

"नाय, बा." घरात ती घरचीच बोली बोलायची. "मी सोता पानी तपासलाय. खुंटाजवळचा, वरचा, तळाचा. काय सापडत नाय."

"सापडत नाय, का नाय?"

हा प्रश्न तिच्या कुठल्याही परीक्षकाने विचारला असता तर तिने विचार करून उत्तर दिलं असतं. बापाने विचारला म्हणून तिला राग आला. बारीकसारीक अंश शोधणारी यंत्रं तिने वापरली होती, आणि हा सुताचा गुंडा मांडीवर घेऊन तिची उलटतपासणी करत होता.

"नायच," ती म्हणाली.

"बघ हा पोरी. तुझ्या ह्या 'नाय'वर मी उद्या होडीवर हात ठेवनार."

"ठेव ना."

वेळखारात होडीवर हात ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. होडीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, तिथे कायम समुद्राकडे असते. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात तेव्हासुद्धा नाळ समुद्राकडेच. नाळेवर हात ठेवून केलेली शपथ पंचांसाठी नसते, समुद्रासाठी असते. ती खोटी निघाली तर त्या होडीची नाळ गावाकडे फिरवतात. मग ती होडी पाण्यात जात नाही, विकली जात नाही, तिचं फळकूटसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. हसुरामच्या उभ्या आयुष्यात असं एकदाच झालं होतं आणि त्या घरातली माणसं पुढे गाव सोडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने नाळेवर हात ठेवला. "माझे पोरीचा औषध ह्या लाळंन नाय," एवढंच बोलला. जितू काही म्हणायला निघाला होता, पण पाटलाने त्याला हाताने थांबवलं. शपथेनंतर बोलत नाहीत. लोक मुकाट घरी गेले. कंपनीच्या बोटी प्लॅटफॉर्मकडे सुखरूप येत-जात राहिल्या.

दर्शनाला खरं तर तेवढ्यावर परत जाता आलं असतं. पण बापाच्या शपथेला पुराव्याचा टेकू असावा असं तिला वाटलं. परसातल्या न्हाणीत तिने एक मोठा टब मांडला, त्यात समुद्राचं पाणी भरलं, खाडीतले जिवंत शिंगाळे सोडले आणि बापाच्या खोल्याचा एक तुकडा कापून आत टाकला. मासे जगावेत म्हणून हवा फुंकणारा छोटा पंप लावला. रोज पाणी बघावं आणि रोज ते स्वच्छच असावं. तिची आई चांगुणाबाई येताजाता म्हणायची, "माशांची बरी बडदास्त चाललीय."

असंच एका दुपारी डॉ. केंकऱ्यांचा फोन आला. हे तिचे वरिष्ठ. पंपाच्या घुर्र आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून तिने पंप बंद केला. केंकरे खुशीत होते. दहा सुनावण्यांनी झालं नसतं ते तुझ्या वडिलांनी एका हाताने केलं, म्हणाले. तिला संशोधन विभागाची प्रमुख करायचं ठरत होतं. बोलणं लांबलं. ती टबाच्या कडेवर बसून हो-हो म्हणत होती, आणि बोलता बोलता तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. शिंगाळे वर येऊन तोंडं उघडत होते. जाळ्याच्या तुकड्याभोवतीचं पाणी हलत नव्हतं.

तिने हात घातला. बोटांवरून पांढुरका तार लोंबला.

आईला स्वतःचं मूल ओळखायला वेळ लागत नाही. तिने मधेच फोन ठेवला आणि पंप चालू केला. थोड्या वेळात तार विरघळले. पंप बंद केला. पुन्हा लाळ. तिने किती वेळा हे केलं कोण जाणे. चांगुणाबाई चहा घेऊन आली तेव्हा शिंगाळे मेले होते आणि पोरगी भिंतीला टेकून बसली होती.

झालं होतं ते असं. खडकात जिरलेला थोडाफार द्रव खडकानेच ठेवून घेतला असं सगळ्यांनी धरलं होतं. खडक कुणाचं काही ठेवून घेत नाही. तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यातून ते झोपलेले रेणू कणाकणाने परत येत होते, आणि ते पाणी तेलाचा अंश काढून समुद्रात सोडलं जात होतं. समुद्रात त्यांचं प्रमाण इतकं कमी की कुठलंही यंत्र ते दाखवणार नाही. पण डोलकराचं जाळं एकाच जागी उभं असतं. प्रत्येक भरती-ओहोटीला पाणी त्यातून गाळलं जातं, आणि नायलॉनच्या धाग्यावर त्या रेणूंचा थर चढत जातो. मग खोल्यात मासे कोंडतात. कोंडलेले मासे श्वास सोडतात. श्वासातून निघतो कार्बन डायऑक्साइड, तिनेच त्या रेणूला शिकवलेला जागं होण्याचा इशारा.

आणि प्रयोगशाळेत? माशांवरची प्रत्येक चाचणी नियमाप्रमाणे पंप लावूनच करतात. नाहीतर मासे गुदमरून मरतात आणि चाचणी बाद होते. जगभरच्या प्रयोगशाळांनी तिच्या रेणूला हवा फुंकून फुंकून निजवून ठेवलं होतं आणि मग तो निरुपद्रवी असल्याचा दाखला दिला होता.

केंकरे वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिला सोपं गेलं असतं. ती कंपनीत परत गेली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या हाताने टबातला प्रयोग तिथे पुन्हा करवून बघितला.

"समुद्राचं पाणी आजही मर्यादेत आहे, दर्शना."

"पण खोल्यातलं नाही, सर."

"जाळ्याच्या पिशवीतल्या पाण्याला कायद्यात मर्यादाच नाही. ट्रॉलरवाल्यांची काही तक्रार आहे? नाही. खेकडेवाल्यांची? नाही. एका जुन्या पद्धतीच्या जाळ्यात हे होतं. आपण त्यांना दुसरी जाळी देऊ, इंजिनं देऊ. खुंट उपटू देत. चार पैसे जास्तच मिळतील त्यांना."

"खुंट त्यांच्या पणजोबांचे आहेत."

"बरं, दुसरं सांगतो." त्यांचा आवाज खाली आला. "आपण हे थांबवलं तर प्लॅटफॉर्म बंद पडणार नाही. जुना डिंक परत येईल. रोज नवा, रोज फेकलेला. तो कुणाच्या जाळ्यात दिसत नाही, म्हणून त्याला कुणी नावही ठेवणार नाही. हे तुला माझ्याहून जास्त कळतं." मग म्हणाले, "आणि तुझे वडील. तू बोललीस की त्यांची शपथ खोटी. गप्प राहिलीस की खरी."

ती गप्प राहिली. एक पंधरवडा. तोवर दुरुस्ती सुचेल, रेणू बदलता येईल, गावाला सांगताना हातात उपाय असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मूग गिळून बसायला शिकलेल्या माणसांना कारणं जास्त सुचतात. त्या पंधरवड्यात जितूने बायकोचे दागिने मोडून नवं जाळं आणलं आणि त्यालाही लाळ सुटली. मासळीबाजारात तो रडकुंडीला येऊन बोलत होता, तेव्हा हसुरामने त्याला सगळ्यांदेखत झापलं. "होडीवर हात ठेवलाय मी. पुन्ना माझे पोरीचा नाव काढलास तं याद राख." ही हकिगत चांगुणाबाईने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितली. दर्शना त्याच दिवशी गावी निघाली.

हसुराम किनाऱ्यावर होडीच्या सावलीत सूत पिळत होता.

"बा, लाळ माझीच हाय."

त्याचे हात थांबले नाहीत. "कवा कळला?"

"तुझे शपथेनंतर."

"म्हनजे कवा?"

"पंधरवडा झाला."

आता हात थांबले. "पंधरवडा," तो म्हणाला. "त्या जितूला मी काय काय बोललो, ठावं हाय तुना?"

"मी सांगते गावाला. चूक माझी हाय. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, तुझी काय चूक?"

"तुझ्यावर ठेवला त्याचा मी बघीन. हात होडीवर ठेवला व्हता, पोरी. तुझ्यावर नाय."

त्याने सूत गुंडाळून ठेवलं आणि चांगुणाबाईला हाक मारली. भरतीचं पाणी होडीखाली येईपर्यंत तिघं वाट बघत बसली. चांगुणाबाईला सांगायची गरज पडली नाही. नवऱ्याने नांगराचा दोर सोडलेला बघून तिने पदर तोंडात धरला. होडी तरंगली तशी हसुरामने नाळेला दोर बांधला आणि तिघांनी मिळून ओढलं. अशा कामाला घराबाहेरचा हात लावायची रीत नाही. किनाऱ्यावर माणसं जमली होती, जितूही होता. सगळे उभे राहून बघत होते. होडी अवघडल्यासारखी वळली. ओहोटीने पाणी काढून घेतलं तेव्हा ती नाळ गावाकडे करून वाळूत बसली होती.

दर्शनाने गावासमोर जे भाषण करायचं ठरवलं होतं ते करावंच लागलं नाही.

पुढचं सगळं केंकऱ्यांनी सांगितल्याबरहुकूम झालं. होड्या आडव्या पडल्या, बोटी अडल्या, वर्तमानपत्रांत दर्शनाचा फोटो आला, तिची नोकरी गेली. नीलगर्भने तिचं रसायन मागे घेतलं आणि जुना डिंक परत आणला. रोज गोड्या पाण्याचे टँकर बोटींवर चढू लागले, रोज वापरलेलं पाणी मर्यादेत बसेल इतपत साफ करून समुद्रात जाऊ लागलं. सरकारी अधिकारी येऊन तपासून गेले. सगळं नियमाप्रमाणे होतं. हंगामभराने जाळी कोरडी पडली. बोंबील थोडे कमी यायचे, पण लाळ नव्हती, आणि लाळ नाही म्हणजे समुद्र बरा झाला, असं गावाने ठरवून टाकलं.

पंच हसुरामकडे आले होते. फसवणूक झाली, शपथ मुद्दाम खोटी नव्हती, नाळ परत फिरव, असं सांगायला. हसुरामने त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "शपथ तुमचेकडं केली असती तं तुमी माफ केली असती." आयुष्यभर स्वतःच्या होडीचा नाखवा असलेला तो माणूस आता जितूच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. जितू त्याला काका म्हणतो, जेवणाचा डबा आधी त्याच्या पुढ्यात ठेवतो. त्या मानापायीच तर हसुरामला घास उतरत नाही.

दर्शना एका विद्यापीठात कमी पगारावर शिकवू लागली आणि उरलेला सगळा वेळ तिने त्या रेणूवर घातला. चार वर्षांनी तिला तो बदलता आला. नवा रेणू विहिरीच्या अंधारात टिकतो. समुद्रावर उन्हात आला की तुटतो आणि जिवाणू त्याला खाऊन टाकतात. चाचण्या तिने पंप लावून केल्या, पंप काढून केल्या, खऱ्या खोल्यात खरे मासे कोंडून केल्या. दुसऱ्या गावातल्या खुंटांवर करून पाहिलं. तिच्यावर बारीक नजर ठेवून असलेल्या माणसांनीही चूक काढली नाही. डिंकाहून तो कितीतरी बरा होता. आता फक्त वेळखारचा होकार हवा होता.

पुन्हा मंडप पडला. दर्शना बोलायला उभी राहिली. ह्या वेळी तिने "एक थेंबही नाही" म्हटलं नाही. किती थेंब जातील, किती दिवस टिकतील, काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे सगळं तिने घरच्या बोलीत सांगितलं. डिंकातल्या जंतुनाशकाने माशांची अंडी कशी मरतात ते सांगितलं. बोंबील कमी का झाले ते सांगितलं. इतकं खरं ती जन्मात कधी बोलली नव्हती. लोक शांतपणे ऐकत होते आणि ऐकता ऐकता एकेक मान वळत होती. मागच्या रांगेत हसुराम बसला होता.

शेवटी पाटलानेच विचारलं, "हसुराम, तू काय बोलतंस?"

हसुराम उठला. दर्शना आल्यापासून बापाशी दोन-तीनदा बोलली होती, नवा रेणू समजावून सांगितला होता, आणि त्याने नीट ऐकून एकदाही हुंकार दिला नव्हता.

"पोरगी बोलली ते ऐकलात," तो म्हणाला. "खरा असंल. मना त्यातला काय कळत नाय."

आणि तो खाली बसला.

कळत तर त्याला आधीही नव्हतं. पण हे त्याने गावासमोर पहिल्यांदाच सांगितलं, आणि ते ऐकल्यावर बाकीच्यांनाही आठवलं की आपल्यालाही काही कळत नाही. कुणी विरोध केला नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. हात वर करायला सांगितलं तेव्हा हात वर झाले नाहीत, एवढंच. जितूचा एक हात अर्धा वर आला होता. त्याने काकाकडे बघितलं आणि डोकं खाजवून तो खाली घेतला. अधिकाऱ्यांनी गावाचा नकार लिहून घेतला. मंडपाबाहेर डिंक पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्यांसाठी सरबत ठेवलं होतं.

दर्शना बापाला गाठायला धावत किनाऱ्यावर गेली. पाणी फिरायची वेळ झाली होती आणि जितूची होडी निघायच्या तयारीत होती.

"बा, ह्या वक्ताला मी खोटा नाय बोलले."

"ठावं हाय."

"मग एक शब्द बोलला असतास तं? तुझ्या एका शब्दावर सगळ्यांनी हात वर केला असता."

हसुरामने लुंगी वर खोचली आणि पाण्यात पाय घातला. "बोललो असतो," तो म्हणाला. "पन शब्दाखाली ठेवाया आता माझेकडं काय हाय, ते सांग."

दर्शनाने वाळूत गावाकडे नाळ करून बसलेल्या त्याच्या होडीकडे बघितलं. जितूने हात पुढे करून काकाला होडीत ओढून घेतलं, इंजिन चालू झालं, आणि होडी खुंटांच्या दिशेने निघून गेली.